पांढऱ्या लेबलची तबकडी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पाचूबंदरच्या धक्क्यावर माशांच्या लिलावावरून झालेल्या हाणामाऱ्या मिटवल्या. त्यातलं बरंचसं आता विसरलो आहे. गाण्याच्या एका तबकडीची चोरी मात्र विसरता येत नाही, आणि त्यातला माझा राग एकट्या चोरावर नाही.

तेव्हा मी वसई-विरार पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात पोलीस निरीक्षक, गुन्हे, या पदावर होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. ती माणसं अजून इथेच राहतात.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर साठीचा एक गृहस्थ उभा होता. पांढरा सदरा, पायांत चिखल वाळलेल्या चपला. अंमलदार हसू दाबत होता, शेजारचे दोघे शिपाई तर उघडच हसत होते.

"काय गेलं म्हणालात?"

"रेकॉर्ड."

"कसलं रेकॉर्ड? सातबारा?"

"गाण्याचं, साहेब. माझ्या मुलीच्या गाण्याचं."

"मग हरवल्याचा दाखला देतो, घेऊन जा."

"हरवलं नाही. चोरलंय. कोणी चोरलं तेही मला माहीत आहे."

मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. खरं सांगतो, तेव्हा मला त्यांची दया वगैरे आली नव्हती. हसणाऱ्या शिपायांचा राग आला होता. माणूस पोलीस ठाण्याची पायरी हौसेने चढत नाही. त्याची वस्तू लहान की मोठी हे ठरवणारे आपण कोण?

ते पश्चिमेकडच्या एका गावातले वाडीवाले. सोनचाफा, केळी आणि थोडी पानवेल. पत्नी फार पूर्वी गेलेली, मुलगी एकुलती एक. या मुलीने कॉलेजातल्या तिघांबरोबर गाण्याचा बँड काढला होता. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय स्वतः गाणी रचायची, स्वतः ध्वनिमुद्रण करायचं, असा. त्याला इंडी रॉक म्हणतात, हे मला त्या काकांनीच सांगितलं. वाडीतल्या अवजारांच्या खोलीत गोधड्या टांगून त्यांनी एक गाणं मुद्रित केलं आणि सात इंची छोट्या तबकडीवर काढलं. मुलांमध्ये या काळ्या तबकड्यांची हौस आता पुन्हा आली आहे. गाणं चाललं. पहिली खेप संपली, दुसरी काढली. एक खेप हिरव्या पारदर्शक रंगात निघाली. एका खेपेत लेबलं उलट्या बाजूंना चिकटली. परदेशातल्या कुणीतरी हौशी माणसाने तिकडेही एक खेप छापली. अशा प्रत्येक खेपेला संग्राहक लोक प्रेसिंग म्हणतात.

दुसरं गाणं निघालंच नाही. कावीळ बिघडल्याचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत मुलगी गेली.

"तेव्हापासून मी तिच्या गाण्याच्या सगळ्या प्रेसिंग गोळा करतोय," काका म्हणाले. "गाणं एकच आहे. पण ते कुठे कुठे गेलं, कसं कसं गेलं, ते घरात असावं असं वाटतं."

"आणि चोरीला गेली ती कुठली?"

"पांढऱ्या लेबलची. सँपल. छापखान्याने आधी पाच नमुने पाठवले होते. तिने प्रत्येकावर पेनाने नंबर घातले होते. बाकी चार या मुलांनीच मोडून टाकले, कारण त्यात एक चूक राहिली होती."

"कसली चूक?"

ते म्हणाले, "गाणं सुरू व्हायच्या आधी आमच्या बावखलावरच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरच्या पंपाचा आवाज आहे. आणि ती मला ओरडते. आबा, पंप बंद कर ना, गाणं चालूय! मग पंप थांबतो आणि गिटार सुरू होते. पुढच्या सगळ्या तबकड्यांमधून ते कापलं."

मूळ मुद्रण मुलीच्या संगणकात होतं आणि तो संगणक केव्हाच बिघडून भंगारात गेला होता. "मोबाईलवर उतरवून नाही घेतलं?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "कधी सुचलंच नाही, साहेब. वस्तू घरात होती ना."

मी अंमलदाराला बोलावून घरातील चोरीच्या कलमाखाली गुन्हा दाखल करायला लावला. मालमत्तेच्या रकान्यात त्याने 'जुनी ग्रामोफोन तबकडी, एक नग' असं लिहिलं. मी ते खोडून नीट वर्णन लिहायला लावलं. एवढं तरी मी केलं.

संशयित होता मुंबईतला एक संग्राहक. पस्तिशीचा, मोठ्या पगाराचा, बोलायला अतिशय नम्र. तो तीन वेळा वाडीत येऊन गेला होता. पहिल्या वेळी हिरवी तबकडी भेट म्हणून घेऊन आला, दुसऱ्या वेळी उलट्या लेबलांची. काकांना वाटलं, पोरीच्या गाण्यावर माया करणारा कुणी भेटला. त्याला जेवू घातलं, सगळ्या तबकड्या दाखवल्या. तिसऱ्या वेळी निघताना त्याला केळीची फणी द्यावी म्हणून काका वाडीत गेले. परत आले तेव्हा पाहुणा चपला घालून अंगणात उभा होता. फणी घेतली, काकांच्या पाया पडला आणि गेला. तिसऱ्या दिवशी काकांनी पांढऱ्या लेबलची तबकडी शोधली, तर कव्हर रिकामं.

पाया पडून चोरी करणाऱ्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याला समजपत्र देऊन ठाण्यात बोलावलं. वेळेवर आला. जबाबात म्हणाला, "मी काकांकडे गेलो होतो हे खरं आहे सर, पण पांढऱ्या लेबलची कॉपी मी तिथे पाहिलीच नाही. त्यांनी मला ती दाखवलीच नाही. वय झालंय त्यांचं, त्यात मुलगी गेली. कुठेतरी ठेवून विसरले असतील." मी जबाब शब्दन् शब्द नोंदवून घेतला आणि सही घेतली. पुरावा काही नव्हता. घरझडतीसाठी पुरेसं कारणही नव्हतं. सोडून दिलं.

महिना गेला. एके दिवशी दुपारी मला एका मुलीचा फोन आला. ती या बँडमध्ये ड्रम वाजवायची आणि आता कामणच्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करत होती.

"सर, तुम्ही आबांची केस बघताय ना? एक गोष्ट सांगायचीय, पण माझं नाव नको."

"बोल."

"आमचा रेकॉर्डवाल्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी दुपारी कळंबला एका कॉटेजवर सगळे भेटणारेत. आबांकडे यायचा त्या माणसाने ग्रुपवर टाकलंय की मी अशी एक कॉपी ऐकवणार, जी जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. सर, बाकीचे चार सँपल मी स्वतः दगडावर आपटून फोडलेत. माझ्या हाताने. मग याच्याकडे कुठून आलं?"

रविवारी आम्ही साध्या वेशात कळंबला गेलो. दोन पंच, एक हवालदार, मी आणि काका. ओळख पटवायला काका हवे होते. समुद्राकडच्या सुरूंच्या आड गाडी उभी केली आणि काचा खाली करून आतच बसलो. कॉटेजच्या पडवीत वीस-पंचवीस तरुण मंडळी चटयांवर बसली होती, टेबलावर तबकडी वाजवायचं यंत्र. ड्रमवाली मुलगी मागच्या रांगेत होती. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही.

तो संग्राहक उभा राहिला. छोटंसं भाषण केलं. हातात सुती मोजे घालून त्याने तबकडी काढली आणि सुई ठेवली. आधी खरखर ऐकू आली, मग पंपाची धडधड आणि मग ती मुलगी.

"आबा, पंप बंद कर ना, गाणं चालूय!"

पडवीतली मंडळी हसली. त्यांना ते गोड वाटलं. माझ्या शेजारी गाडीत बसलेल्या माणसाने दोन्ही हातांनी समोरची सीट घट्ट धरली होती आणि त्याचे ओठ हलत होते. नंतर कळलं, ते म्हणत होते, "करतो गं, करतो."

मी खाली उतरलो.

पंचांसमक्ष तबकडी जप्त केली. पांढऱ्या लेबलवर निळ्या पेनाने तीन हा आकडा होता, तिच्या हस्ताक्षरात. तरीही तो डगमगला नाही. म्हणाला, "ही मी दुसऱ्या एका रेकॉर्ड कलेक्टरकडून घेतली. पाच नमुने होते, सर. काकांचा नंबर तीन होता की चार, हे कोण सांगणार?" काकांचा नंबर खरोखरच कुठे लिहिलेला नव्हता, आणि बाकीचे चार फोडल्याचं सांगणाऱ्या मुलीला आपलं नाव पुढे यायला नको होतं.

ठाण्यात आणून मी त्याला समोर बसवलं, चहा मागवला. माझा एक अनुभव आहे. भित्र्या माणसाला सरळ प्रश्न विचारावेत. स्वतःच्या ज्ञानाची घमेंड असलेल्याला प्रश्न विचारूच नयेत. त्याच्यासमोर चुकीचं बोलावं. त्याला ते सहन होत नाही.

मी तासभर त्याला त्याच्या संग्रहाबद्दल बोलू दिलं. कुठली खेप कुठे छापली, लेबलाभोवतीच्या कोऱ्या भागात कोरलेली अक्षरं कशी वाचायची, तबकडी आडवी का ठेवू नये. माणूस हुशार होता, यात वाद नाही. मग मी सहज म्हणालो, "पण काय हो, ती नंबर तीनची तबकडी खराबच झालेली असणार. म्हातारा ती पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. वर्तमानपत्रात गुंडाळून, अवजारांच्या खोलीत."

"पेटीत कुठे?" तो पटकन म्हणाला. "देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होती. आडवी! वर चाफ्याच्या टोपल्या ठेवलेल्या. प्लास्टिकच्या पिशवीत, आतून पाणी सुटलेलं. अजून एक पावसाळा गेला असता तर बुरशीने..."

तो थांबला. बाजूला बसलेल्या हवालदाराची लेखणीही थांबली.

मी त्याचा महिन्यापूर्वीचा जबाब समोर ठेवला. 'पांढऱ्या लेबलची कॉपी मी तिथे पाहिलीच नाही.' खाली त्याची सही.

त्याने जबाब वाचला. मग त्याचा नम्रपणा पहिल्यांदा गळून पडला. "मी ती वाचवलीय, सर. त्या माणसाला गाण्यातलं काय कळतं? त्याच्यासाठी ती फक्त मुलीची आठवण आहे. ती एक महत्त्वाची वस्तू आहे, हे त्याला समजणारच नाही."

फक्त मुलीची आठवण! माझा हात उठला होता. हवालदाराने चहाचा कप मध्ये सरकवला म्हणून बरं झालं.

त्याला अटक झाली, जामीन मिळाला, दोषारोपपत्र गेलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. इथे ही हकिगत संपायला हवी होती आणि मी आज फुशारकीने सांगितली असती.

तबकडी मुद्देमालात जमा झाली. खाकी कागदात गुंडाळली, सुतळी बांधली, गाठींवर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. सगळं नियमाप्रमाणे. आमची मुद्देमाल खोली ठाण्याच्या मागच्या अंगाला, वर सिमेंटचा पत्रा. आत जप्तीच्या मोटारी, दारूचे कॅन, तलवारी, गॅसच्या शेगड्या. काकांनी तबकडी ताब्यात मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज केला. आरोपीच्या वकिलाने मालकी नाकबूल करून हरकत घेतली. न्यायालयाने आमचं म्हणणं मागवलं. आमचे सगळे लोक बंदोबस्तात गुंतले होते. ते म्हणणं द्यायला आम्ही दोन तारखा घालवल्या. मी घालवल्या, असं लिहायला हवं.

या दरम्यान काका तीनदा ठाण्यात आले. दर वेळी ओंजळभर चाफा आणायचे आणि एकच विचारायचे.

"साहेब, ती उभी ठेवलीय ना? गरम जागेत नाही ना?"

"काळजी करू नका काका, सीलबंद आहे," मी सांगायचो. एकदाही उठून मागच्या खोलीत जाऊन पाहिलं नाही. वीस पावलांचं अंतर होतं.

मे महिन्याच्या शेवटी हुकूम आला. मुद्देमाल हवालदाराने पाकीट आणलं. ते त्याने शेगड्यांच्या ढिगावर आडवं ठेवलं होतं आणि वर कुणीतरी गाडीची बॅटरी ठेवली होती. पंचांसमोर सील फोडलं. तबकडीची कड भाजलेल्या पापडासारखी वर उचलली गेली होती.

काकांनी ती दोन्ही तळहातांवर घेतली, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली. सुपुर्दनाम्यावर सही केली. जाताना मला म्हणाले, "येतो साहेब." एवढंच. ते ओरडले असते, तक्रार केली असती, तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ड्रमवाल्या मुलीचा फोन आला. या वेळी ती आवाज चढवून बोलत होती. "सर, रेकॉर्ड बाहेरच्या कडेपासून सुरू होतं, माहितीये का तुम्हाला? कडच वाकलीय. सुई उडते आणि डायरेक्ट गिटारवर जाते. तिचा आवाज गेला, सर. दीड महिना त्या चोराकडे होती, काही झालं नाही. तुमच्याकडे आली आणि संपली!"

मी हवालदाराला कारणे दाखवा नोटीस काढली. त्याने उत्तर दिलं की मुद्देमाल नियमाप्रमाणे सीलबंद व सुरक्षित होता. ते उत्तर मान्य झालं. कागदोपत्री काहीच बिघडलं नव्हतं. त्या उत्तरावर शेरा मारताना मला स्वतःची शिसारी आली.

खटला उभा राहिला. काका साक्षीला आले. सरकारी वकिलांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली आणि तबकडी कशी गेली ते विचारलं.

"गेली नव्हती," काका म्हणाले. "मीच त्यांना दिली होती. माझ्या लक्षात राहिलं नाही."

मी बाकावरून अर्धा उठलो. सरकारी वकिलांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग नियमाप्रमाणे साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर झालं आणि आमच्याच वकिलांनी त्यांची उलटतपासणी घेतली. पोलिसांत खोटी तक्रार दिली का, आरोपीशी संगनमत केलं का. काका कठड्याला धरून उभे होते, नजर जमिनीवर. कुणाचाही पैसा न लाटलेला, चाफा विकून जगलेला माणूस, आणि त्याला तिथे लबाड ठरवलं जात होतं. आरोपी मागच्या बाकावर स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांत बसला होता. तो सुटला.

बाहेर आवारात मी काकांना गाठलं. मी संतापलो होतो. "अहो, काय केलंत हे? त्याने तुमच्या घरात चोरी केली. तुमच्या पाया पडून केली!"

काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक छोटा पेन ड्राइव्ह काढून दाखवला.

"त्याने ती तबकडी घरी नेल्या नेल्या संगणकावर उतरवून घेतली होती, साहेब. त्याच्या वकिलाने निरोप धाडला. साक्ष फिरवली तर आवाज मिळेल, नाहीतर पुसून टाकू."

"मला का नाही सांगितलंत? मी त्याचा संगणक जप्त केला असता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नव्हे.

"जप्त करून कुठे ठेवला असतात?" त्यांनी विचारलं.

अटकेच्या दिवशीच तो संगणक ताब्यात घ्यायला हवा होता, हे मला माहीत होतं. 'गुन्ह्याशी संबंध नाही' म्हणून आम्ही तो सोडला होता.

"तो तुरुंगात गेला असता, तर तुम्हाला बरं वाटलं असतं," काका म्हणाले. "मलाही वाटलं असतं, नाही असं नाही. पण मला ती ऐकायची होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पहिल्या दिवशी तुम्ही एकट्यानेच मला खुर्ची दिली होती."

ते बसस्टॉपकडे चालत गेले. घरी येऊन ऐका, असं म्हणाले होते. मी गेलो नाही. तोंड नव्हतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? निवृत्तीपर्यंत पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे मी पदभार घेतल्यावर पहिल्यांदा मुद्देमाल खोली उघडायला लावत असे. आणि जप्तीच्या वेळी फिर्यादीला विचारत असे की ही वस्तू कशी ठेवायची, आणि त्याचं उत्तर पंचनाम्यात लिहून घेत असे. काही सहकारी यावर हसायचे. हसोत. तो नियम मी माझ्यापुरता केला होता. माझ्यानंतर कुणी पाळतं का, ठाऊक नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट आहे, आणि ती मला अजून पचत नाही. आपण आरोपी पकडतो, दोषारोपपत्र पाठवतो आणि समजतो की न्यायाचं आपल्या वाट्याचं काम झालं. ज्याचं गेलं त्याला नेमकं काय परत हवं आहे, हे आपण एकदाही विचारत नाही. वाडीतल्या त्या माणसाला शिक्षा नको होती. त्याला एक हाक परत हवी होती. ती आमच्या ताब्यात होती, आणि ती आम्ही शेगड्यांच्या ढिगावर ठेवली.

त्या निकालपत्राची प्रत माझ्याकडे आहे. त्यात लिहिलं आहे की फिर्यादी फितूर झाल्याने गुन्हा शाबित होत नाही. ते वाक्य वाचलं की आजही संताप होतो. तो माणूस न्यायालयात खोटं बोलला, हे खरं आहे. पण त्याला खोटं बोलायला लावणाऱ्यांची यादी केली, तर त्यात चोराचं नाव दुसरं येईल. पहिलं माझं.